जुन्या वादकाला पुन्हा लोकांसमोर आणायचं असेल तर आधी कॅसेट, शेवटी कार्यक्रम

माझे मोठे मामा क्लॅरिनेट वाजवायचे. तरुणपणी रेकॉर्डिंगला साथीला बसायचे, त्यामुळे रेकॉर्डवर नाव गायकाचं आणि मामा घरच्यांच्या आठवणीत. ते ७९ वर्षांचे असताना त्यांच्या कपाटावरचं कॅसेटचं खोकं मी खाली काढलं आणि उत्साहाच्या भरात पहिलीच कॅसेट घरातल्या जुन्या प्लेअरमध्ये घातली. प्लेअरने ती गिळली. तुमच्या घरात असा कुणी वादक किंवा गायक असेल, तर त्या कॅसेटपासूनच सुरुवात करा, पण माझ्यासारखी नाही.

कॅसेट लावण्याआधी तिच्या मागच्या कडेची दोन छोटी प्लास्टिकची पानं मोडून टाका, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी काही पुसलं जाणार नाही. प्लेअरचं हेड, म्हणजे फितीला टेकणारा धातूचा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसा, रबरी रोलरला ओलसर कापड पुरतं. कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेली फीत कुठे सैल तर कुठे घट्ट बसलेली असते, आणि अडकते ती तिथेच.

आवाज घोंगडीखालून आल्यासारखा वाटला तर लगेच फितीला दोष देऊ नका. हेडच्या शेजारी एक बारीक स्क्रू असतो, त्याने हेडचा कोन बदलतो. कॅसेट चालू ठेवून तो अगदी केसभर फिरवा आणि वरचे स्वर सर्वांत स्वच्छ येतील तिथे थांबा. हे प्रत्येक कॅसेटला नव्याने करावं लागतं, कारण प्रत्येक कॅसेट वेगळ्या मशीनवर भरलेली असते. मला हे तिसाव्या कॅसेटला कळलं. आधीच्या २९ पुन्हा केल्या.

संगणकावर घेताना सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग ठेवा: ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, वेव्ह फाइल (आवाज न आकसता साठवणारी). तासाभराला साधारण दोन जीबी जागा लागते, लागू द्या. पहिल्या प्रतीला खरखर काढणारं सॉफ्टवेअर अजिबात लावू नका. खरखरीबरोबर क्लॅरिनेटमधला श्वासही जातो, आणि तो नंतर कुठूनही आणता येत नाही. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर. मोठी रिळं असतील आणि वाजताना ती किंचाळत असतील किंवा हेडवर तपकिरी गाळ सोडत असतील, तर तिथेच थांबून जाणकाराकडे द्या. अशी काही रिळं ठरावीक तापमानाला शेकून वाजवण्याजोगी करतात, पण सगळ्या फितींना ते चालत नाही. स्वयंपाकघरातला ओव्हन हे त्याचं ठिकाण नव्हे.

आता माणूस. माझी दुसरी चूक इथे झाली. पहिल्याच दिवशी माइक समोर धरून मी म्हटलं, "मामा, वाजवा ना काहीतरी." त्यांनी क्लॅरिनेटची पेटी बंद केली ती तीन आठवडे उघडली नाही.

विस्मरणात गेलेला अमेरिकन ब्लूज गायक सन हाउस १९६४ मध्ये सापडला तेव्हा त्याने कित्येक वर्षांत गिटार हातात घेतली नव्हती. अ‍ॅल विल्सन नावाच्या तरुण गिटारवादकाने त्याच्यासमोर बसून त्याचीच जुनी गाणी त्याला पुन्हा आठवून दिली. पुढच्या वर्षी सन हाउसने नवा अल्बम रेकॉर्ड केला. म्हणून वाजवायला सांगू नका, ऐकवा. चांगल्या स्पीकरवर ऐकवा, कारण उतारवयात वरचे स्वर आधी जातात. बैठक ४० मिनिटांची पुरे. परवानगी घेऊन रेकॉर्डर सुरुवातीपासून चालू ठेवा, कारण सगळ्यांत चांगलं बोलणं चहा घेताना होतं.

"तेव्हा कसं वाटायचं?" हा प्रश्न नको. माइक किती लांब होता, शेजारी कोण बसायचं, रीड (फुंकल्यावर थरथरणारी पातळ पट्टी, जितका नंबर मोठा तितकी कडक) कितव्या नंबरची होती, असं विचारा. मामांना मी एक कॅसेट ऐकवली. तिच्या पाठीवर त्यांच्याच अक्षरात त्यांचं नाव होतं. दोन ओळी ऐकून ते म्हणाले, "हा मी नाही. तो श्वास असा मध्येच तोडायचा." तो म्हणजे त्यांच्याबरोबर वाजवणारा जोडीदार. मी तर ते रेकॉर्डिंग मामांच्या नावाने ऑनलाइन चढवायच्या बेतात होते!

त्यांना स्वतःहून वाजवावंसं वाटलं तर शरीराचा हिशेब करा. कवळी बसवल्यावर वाद्याच्या तोंडात धरायच्या टोकावरची पकड बदलते. मामांना तीन नंबरऐवजी दोन नंबरची रीड दिली, तेव्हा कुठे आवाज धरला.

कागदांचं काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळू नका. चाल कुणाची आणि रेकॉर्डिंग कुणाच्या मालकीचं, हे दोन वेगळे हक्क आहेत, दोन्ही तपासा. रेकॉर्ड असेल तर लेबलजवळच्या गुळगुळीत भागात कोरलेला क्रमांक उतरवून घ्या, त्यावरून कंपनीच्या नोंदी शोधता येतात. जुन्या डायऱ्या आणि मानधनाच्या पावत्या फेकू नका. डेट्रॉइटचा गायक रॉड्रिग्ज १९७० च्या दशकात अमेरिकेत फारसा विकला गेला नाही, म्हणून घरं पाडण्याची कामं करत राहिला. इकडे दक्षिण आफ्रिकेत त्याची गाणी घरोघरी वाजत होती आणि त्याला पत्ताच नव्हता. १९९८ मध्ये तो तिथे गायला गेला, पण त्या विक्रीचे पैसे त्याच्यापर्यंत पोचलेच नव्हते. तेव्हा ऑनलाइन चढवताना प्रत्येक ट्रॅकला आयएसआरसी हा रेकॉर्डिंगची ओळख पटवणारा १२ अक्षर-अंकांचा क्रमांक घ्या, वाद्यासह वादकाचं नाव लिहा आणि बँक खातं वादकाचंच द्या. भाचीचं नव्हे.

कार्यक्रम सर्वांत शेवटी, छोटा, खुर्चीत बसून. निवेदकाला "शोध लागला" वगैरे म्हणू देऊ नका. क्यूबाचे गायक इब्राहिम फेरेर यांना ७३ व्या वर्षी लॅटिन ग्रॅमीत सर्वोत्कृष्ट नवोदित कलाकाराचा पुरस्कार मिळाला. त्यांना तो आवडला असेलही, मला मात्र त्या "नवोदित"चा अजून राग येतो.

मामांचा पहिला ट्रॅक चढवताना मी त्यांना पडद्यावरची नावं वाचून दाखवली. त्यांनी जोडीदाराचं नाव आधी घ्यायला लावलं, त्याची जोडाक्षरं दोनदा तपासली आणि विचारलं, "त्या गिळलेल्या कॅसेटचं काय झालं?"

ती मी नव्या कवचात बसवली आहे. पाच सेकंदांचा तुकडा गेला, बाकी वाजते.