बेज की ग्रेज? दोन सारख्या रंगांतून निवडताना या चुका टाळा

बेज म्हणजे फिकट वाळूसारखा रंग, ग्रेज म्हणजे त्यात राखाडी मिसळलेला. शेडकार्डावर दोन्ही पट्ट्या इतक्या सारख्या दिसतात की कुठलीही चालेल असं वाटतं. खोली रंगवून झाली की मात्र एक गुलाबीकडे झुकते, दुसरी हिरवटाकडे. फसवते ती ही आतली झाक, आणि एकटी पट्टी बघून ती सहसा कळत नाही. दोन्ही पट्ट्या कोऱ्या पांढऱ्या कागदावर शेजारी ठेवा, मग ती लगेच उघडी पडते.

सगळ्यात महागात पडते ती चूक म्हणजे जुन्या भिंतीवरच सॅम्पल लावून निर्णय घेणं. मी ती केली आहे. भिंत फिकट पिवळी होती. तिच्यावर ग्रेजचा चौकोन चक्क जांभळट दिसला, म्हणून मी तो रंग बाद केला. पुढे त्याच डब्यातला उरलेला रंग पांढऱ्या पुठ्ठ्यावर लावला, तर जांभळेपणाचा मागमूसही नाही! शेजारच्या रंगामुळे डोळा असा फसतो, हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी १८३९ मध्येच सविस्तर मांडलं होतं.

म्हणून दोन मोठे पांढरे पुठ्ठे घ्या, निदान दीड-दोन फुटांचे. दोन हात द्या, कडेला पांढरी पट्टी सोडा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या रंगावरून मत बनवू नका. टेबलावर आडवे ठेवूनही बघू नका. भिंतीला उभे टेकवा, कारण उभ्या पृष्ठभागावर उजेड वेगळा पडतो. खिडकीसमोर, अंधाऱ्या कोपऱ्यात, सोफ्यामागे, फरशीलगत असे दोन दिवस फिरवत राहा. फोटो काढून तुलना करू नका, फोनचा कॅमेरा रंग आपल्या मनाने सुधारतो.

दिवे आधी ठरवा, रंग नंतर. २७०० केल्विनच्या पिवळसर उजेडाच्या बल्बखाली बेज आणखी पिवळा दिसतो, ६५०० च्या पांढऱ्या उजेडात ग्रेज थंड, राखाडी होतो. दिवसा आवडलेला रंग रात्री नकोसा होतो तो बहुतेक यामुळेच.

एलआरव्हीचा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा, आकडाही बघा, पण तो ० ते १०० मध्ये फक्त उजळपणा सांगतो, झाक नाही. इतकं करूनही दोन्ही सारखेच आवडले, तर जास्त एलआरव्हीचा घ्या. चारही भिंती रंगल्या की उजेड एकीवरून दुसरीवर पडत राहतो आणि रंग पुठ्ठ्यावर दिसला त्यापेक्षा गडद वाटतो.