खान्देशच्या उन्हात ईव्हीची बॅटरी कशी जपायची

चोपड्याला गावी गेलो की ओट्यावरची मंडळी माझ्या इलेक्ट्रिक गाडीभोवती जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला, "बॅटरी कितला साल टिकस भो?" किंमत, ॲव्हरेज सगळं नंतर. प्रश्न बरोबरच आहे कारण गाडीतली सगळ्यात महाग वस्तू तीच.

मोबाईलची बॅटरी तीन वर्षांत बसते तशी गाडीची बसत नाही. नेक्सॉन, टियागोसारख्या ईव्ही आल्या तेव्हा टाटा कंपनीने बॅटरीला ८ वर्षं किंवा १.६ लाख किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी वॉरंटी दिली होती. गाड्यांचा डेटा गोळा करणाऱ्या जिओटॅब कंपनीने २०२४ मध्ये हजारो ईव्हींचा डेटा तपासला तर बॅटरीची क्षमता वर्षाला सरासरी १.८ टक्के घटते असं निघालं, म्हणजे आज २५० किमी जाणारी गाडी ८ वर्षांनी साधारण २१४ किमी जाईल. पण ही सरासरी झाली, आणि आपल्याकडे मे महिना असतो. अमेरिकेत ॲरिझोनामध्ये २०१२ च्या सुमारास निसान लीफवाल्यांची रेंज एक-दोन वर्षांतच घटली होती, कारण त्या गाडीत बॅटरी थंड ठेवायला कूलंट नव्हतं आणि तिथला उन्हाळा आपल्या भुसावळसारखा, पारा ४५ ला टेकणारा.

केळीचा घड एकदा कापला की तो पिकणारच, पण सावलीत ठेवला तर दमानं पिकतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये ठेवला तर बघता बघता काळा पडतो. बॅटरीचंही तसंच, गाडी उभी असली तरी आत हळूहळू केमिकल क्रिया चालू असते आणि त्यात थोडं थोडं लिथियम कायमचं अडकून बसतं, उष्णता वाढली की हे जोरात होतं आणि बॅटरी फुल भरलेली असेल तर अजून जोरात. म्हणून आपल्याकडे किलोमीटरपेक्षा जास्त नुकसान करते ती १०० टक्के भरून दिवसभर उन्हात उभी केलेली गाडी.

मी पहिल्या उन्हाळ्यात नेमकं हेच करत होतो. रोज रात्री फुल चार्ज, सकाळी जळगावहून भुसावळ, आणि मग ऑफिससमोर ८ तास उघड्यावर, संध्याकाळी स्टिअरिंगला हात लावता यायचा नाही. आता आठवड्यातून दोनदा ७०-८० पर्यंत चार्ज करतो, टायमर असा लावतो की चार्जिंग पहाटे निघायच्या जरा आधी संपेल, आणि गाडी कंपाउंडच्या मागे कडुनिंबाखाली लावतो, दोनशे पावलं चालावं लागलं तरी चालतं. ३ वर्षं झाली, मागच्या सर्व्हिसला एसओएच म्हणजे बॅटरीची तब्येत ९५ टक्के निघाली.

एक गोष्ट मात्र आधी मॅन्युअलमध्ये बघा, तुमची बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी, दोन्ही लिथियम बॅटरीचेच प्रकार, फक्त आतलं रसायन वेगळं. नेक्सॉन, टियागो एलएफपी, एक्सयूव्ही ४०० एनएमसी. एनएमसी रोजच्या वापरात २० ते ८० मध्येच ठेवा, फुल फक्त लांब जायचं असेल त्याच दिवशी. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सारखंच राहतं त्यामुळे गाडीला नक्की किती चार्ज उरलाय ते नीट कळत नाही, म्हणून ती मधून मधून १०० करावीच लागते, मी रविवारी रात्री करतो आणि सोमवारी सकाळी लगेच काढतो. एलएफपी आहे म्हणून रोज फुल ठेवली तरी काही होत नाही असं शोरूमवाले सांगतात ते मला पटत नाही, उन्हाचा नियम तिलाही लागू आहे.

फास्ट चार्जिंग वाईट नाही, रोजची सवय वाईट. घरचा १५ अँपिअरचा सॉकेट बॅटरीला सगळ्यात मानवतो, फक्त अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून नीट तपासून घ्या. मे महिन्यात दुपारी हायवेने धुळ्याला पोचलात आणि लगेच डीसी गन म्हणजे फास्ट चार्जर लावला तर आधीच तापलेली बॅटरी अजून तापते, अर्धा तास सावलीत उभी करा, पाणी-चहा घ्या, मग लावा. चार्जिंगला बोनेटमधून फॅनचा घूं घूं आवाज आला तर घाबरू नका, गाडी बॅटरी थंड करतेय.

१५-२० दिवस गावाला जाणार असाल तर ५०-६० टक्क्यांवर बंद करून ठेवा. शून्यावर आणून उभी करू नका, तेही वाईट. कन्नडहून घाट उतरून चाळीसगावकडे येणार असाल तर वर फुल चार्ज करू नका, भरलेल्या बॅटरीत रीजनची, म्हणजे उतारावर गाडी हळू करताना मोटर बनवते ती, वीज जायला जागाच नसते, मग सगळा भार ब्रेकवर येतो.

आणि ती छोटी १२ व्होल्टची बॅटरी, तिला कोणी विचारतच नाही. मोठी ८० टक्के भरलेली असली तरी ही बसली की गाडी सुरूच होत नाही, माझ्या शेजाऱ्यांची गाडी अक्षय्य तृतीयेच्या सकाळी अशीच दारात अडकली, माहेरी निघालेली सून आणि पिशव्या ओट्यावर. आपल्या उन्हात ती ३-४ वर्षांत उतरते, म्हणून दर फेब्रुवारीत व्होल्टेज चेक करून घ्या.