दहा लाख एकचे अवयव पाडताना या चुका टाळा

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात रात्रीचं जेवण आटोपल्याशिवाय पोरं अभ्यासाला बसत नाहीत. बसली की पोलीस भरतीचं गणित. परवा फळ्यावर 10,00,001 लिहिले आणि विचारलं, ही मूळ संख्या आहे का?

"आहे ना जी सर! शेवटी 1 आहे, अंकांची बेरीज 2."

सगळ्यात जास्त पोरं इथंच फसतात. शेवटच्या अंकावरून 2 आणि 5 बाद झाले, बेरजेवरून 3 बाद झाला, एवढंच. 91 च्या शेवटीही 1 आहे, पण ते 7 गुणिले 13.

काही जण थोडं पुढं जातात. 7 ने भागलं, बाकी 2. 11 ने बाकी 2. 13 नेही 2. मग कंटाळून "मूळ" लिहून मोकळे. ही संख्या मोठी बेरकी आहे: शंभरच्या आतल्या 25 मूळ संख्यांपैकी एकीनेही तिला भाग जात नाही आणि लगेच पुढच्या 101 ने जातो. भागाकार न करताही हे दिसतं. 101 × 99 = 9,999, म्हणून 10,000 ला बाकी 1 उरते. त्याला शंभरने गुणलं की 10,00,000 ला बाकी 100. त्यात 1 मिळवला की 101, म्हणजे पूर्ण भाग. 10,00,001 = 101 × 9,901.

उलट टोकाची चूक म्हणजे निम्म्यापर्यंत, पाच लाखांपर्यंत भागत बसणं. वर्गमूळ हजाराच्या जरासं पुढं आहे. त्यापलीकडे जायची गरजच नाही.

आता 9,901 साठी पोरं पुन्हा 7 पासून सुरू करतात. काहून? 9,901 चं वर्गमूळ शंभरच्या आत येतं, आणि शंभरच्या आतल्या सगळ्या मूळ संख्या आपण मघाशीच तपासल्या. त्यांच्यापैकी एखादीने 9,901 ला भाग गेला असता, तर 10,00,001 लाही गेला असता. म्हणून 9,901 मूळच. 10,00,001 चे एकूण विभाजक चार. 1 आणि ती संख्या स्वतः विसरून दोनच लिहू नका.

उत्तरात 11 आला तर आधी शून्यं मोजा. एक गळालं की 1,00,001 = 11 × 9,091. एक जास्त पडलं की 1,00,00,001 = 11 × 9,09,091. दोन्हीकडे 11 लागतो, बरोबर संख्येत मात्र नाही.

आणि मोठ्या संख्येची खात्री एक्सेलमध्ये करू नका. तिथं 15 अंकच टिकतात. 16 अंकी संख्येचा शेवटचा अंक गुपचूप 0 होतो. गावातल्या बँक खात्यांची यादी करताना मी स्वतः यात सापडलो होतो. आकडे टाकण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करून घ्या. टाकल्यावर केला तर गेलेला अंक परत येत नाही.