नाशिकमध्ये टीबीच्या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी

एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, करून आलेली मुलंमुली आमच्या संस्थेत चौकशीला येतात तेव्हा बहुतेकांचा एक प्रश्न ठरलेला असतो. तपासणी मोफत, औषधं मोफत, पोषणाचे पैसेही सरकार देतं, मग आपण करायचं काय? प्रश्न रास्त आहे. इतकं सगळं असूनही उपचार अर्ध्यावर सुटतात. आपल्या जिल्ह्यात ते सुटण्याचं मला दिसलेलं सगळ्यात मोठं कारण म्हणजे इथला पेशंट एका जागी राहत नाही.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या पाड्यांवर भात-नागली निघाली की दिवाळीनंतर अख्खी कुटुंबं खाली उतरतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत विरळणी, डिपिंग, मग काढणी. कुणी वीटभट्टीवर, कुणी नाशिकच्या बांधकामांवर. साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा असतो: पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. ऑगस्टमध्ये पाड्यावर सुरू झालेला उपचार फेब्रुवारीत संपायचा, आणि तोवर माणूस भलत्याच तालुक्यात. त्यातून दोन महिन्यांत खोकला थांबलेला, ताप गेलेला, भूक परत आलेली असते. आता बरं वाटतंय, कामाचा खाडा कशाला, असं त्याला वाटलं तर त्यात त्याचा दोष नाही. पण गोळ्या मध्येच थांबल्या तर आजार उलटतो, आणि औषधांना दाद न देणारा टीबी झाला तर सगळंच अवघड होऊन बसतं.

म्हणून आमच्या कामात मी सगळ्यात जास्त महत्त्व पत्त्याला देते. उपचार सुरू होईल त्याच दिवशी तीन फोन नंबर लिहून घ्या: घरातला, मुकादमाचा आणि गावातल्या दुकानदाराचा. दिवाळीनंतर कुठं जाणार, गेल्या वर्षी कुणाच्या बागेत होता, सोबत कोण असतं, हे गप्पांच्या ओघात विचारा. मुकादमाला फोन कराल तेव्हा आजाराचं नाव तोंडातून निघता कामा नये. कळलं तर त्या माणसाचं काम जातं, कधी कुटुंबाचंही.

माणूस निघण्याआधी एसटीएसना, म्हणजे वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकांना, सांगा. निक्षयवरचा, म्हणजे टीबी पेशंटांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीतला, त्याचा आयडी देशभर तोच राहतो आणि नोंद दुसऱ्या टीबी युनिटकडे, म्हणजे दुसऱ्या भागातल्या टीबी केंद्राकडे, ट्रान्सफर करता येते. पण संगणकावरची नोंद हलली म्हणजे माणूस तिथं पोचला असं नाही. तो दिंडोरीला उतरला की त्या भागातल्या आशाताईंशी त्याची समोरासमोर गाठ घालून द्या. या एका भेटीसाठी अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

एका हंगामात बागेवरच्या एका बाईंनी गोळ्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. चौथा महिना चालू होता, आणि सासरच्यांपैकी फक्त नवऱ्याला माहीत होतं. पहाटे बागेत जावं लागे, सगळ्यांसमोर गोळ्या घेता येईनात, म्हणून मध्ये मध्ये राहून जात होत्या. डॉक्टरांशी बोलून वेळ बदलून घेतली आणि त्यांचा उपचार पूर्ण झाला. गोळ्या का चुकतात हे त्यांच्या खोपीपर्यंत गेल्याशिवाय कळलं नसतं. तेव्हा घरी जाताना संस्थेचं जॅकेट घालू नका, गाडी दारात लावू नका, आणि कुठं भेटायचं हे पेशंटला ठरवू द्या.

काही गोष्टी मात्र पाठच हव्यात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, घटतं वजन असेल तर बेडका तपासायचा. बेडका सकाळचा, खोल खोकून काढलेला हवा. नुसती थुंकी चालत नाही. तो उघड्यावर काढायला सांगा, बंद खोलीत नाही. टीबीच्या गोळ्यांतल्या रिफाम्पिसिन या औषधाने लघवी लालसर-नारिंगी होते, हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर रक्त जातंय समजून लोक गोळ्या फेकून देतात. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या घेणाऱ्या बाईला सांगा की याच औषधाने त्यांचा परिणाम कमी होतो. डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते, मोठ्या माणसाला ३५ ते ४९ किलोला रोज तीन, ५० ते ६४ ला चार. म्हणून वजनकाटा पिशवीत असू द्या. ताट-वाटी वेगळी करायची गरज नसते, टीबी हवेतून पसरतो. घरातल्या इतरांची, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांची, तपासणी आणि आजार नसल्यास प्रतिबंधक औषध हे कधीच पुढं ढकलू नका. स्वतः भेटीला जाल तेव्हा मास्क लावा आणि शक्यतो ओट्यावरच बसा.

निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळत, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. पैसे बँकेत येतात आणि पाड्यावरची खाती अनेकदा बंद पडलेली असतात. बँकेच्या रांगेत उभं राहणं कुणाला हलकं काम वाटेल, मला नाही वाटत. झारखंडमधल्या ‘रेशन्स’ अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. पेशंटच्या कुटुंबाला पुरेसा शिधा मिळाला तेव्हा घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी झालं. पोटभर अन्न हासुद्धा उपचारच आहे, असं मी त्यानंतर ठामपणे सांगू लागले.

मालेगावची तऱ्हा निराळी. तिथं यंत्रमागाच्या पाळ्या सांभाळून भेटावं लागतं आणि थोडंफार उर्दू यायला हवं. आजारी माणूस आधी गल्लीतल्या खासगी डॉक्टरकडे जातो. खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून नोंद बंधनकारक आहे, पण त्यांच्याशी संबंध जुळायला वेळ लागतो.

आता नोकरीविषयी. पगार बेताचा असतो आणि करार बहुधा प्रकल्पाच्या मुदतीपुरता. मुलाखतीत पेट्रोलचे पैसे विचारायला लाजू नका. त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रकल्प संपेल त्या दिवशी उपचारावर असलेल्या पेशंटांना कोण सांभाळणार, हे विचारा. उत्तर मिळालं नाही तर ती जागा घेऊ नका. आणि जमलं तर ऑगस्ट-सप्टेंबरात रुजू व्हा. दिवाळीपर्यंत पाडे, आशाताई आणि एसटीएस ओळखीचे होतात, आणि कुटुंबं खाली उतरू लागली की कोण कुठल्या बागेत गेलं ते तुम्हाला ठाऊक असतं.