कडव्या वालाचं बिरडं, आंब्याचं रायतं आणि केळ्याचे काप

रविवारी दुपारी पानात बिरडं, म्हणजे मोड आणून सोललेल्या वालाची उसळ, हवं असेल तर शुक्रवारी रात्री वाल भिजायला पडले पाहिजेत. या जेवणाचं सगळं गणित एवढ्यावर उभं आहे. आंब्याचं रायतं अर्ध्या तासात होतं, कच्च्या केळ्याचे काप तव्यावर दहा मिनिटांत सुटतात, पण वालाला त्याचा वेळ द्यावाच लागतो. तो दिला, की प्रत्यक्ष शिजवण्यात फारसं काही उरत नाही. म्हणून या लेखात सर्वांत जास्त जागा मी भिजवणं, मोड आणणं आणि सोलणं यांना दिली आहे. बिरडं बिघडतं ते बहुतेक वेळा फोडणीच्या आधीच.

उन्हाळा या जेवणासाठी मला सर्वांत योग्य वाटतो. रायगडात भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. थंडीत त्याच्या ओल्या शेंगांची पोपटी लागते, म्हणजे त्या मडक्यात भरून आगीवर भाजतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाला वाळलेले नवे वाल बाजारात येतात. पाठोपाठ आंबे येतात. नवा वाल लवकर भिजतो, त्याला मोडही सारखे येतात. वर्षभर डब्यात पडलेल्या वालाला दोन्हीसाठी जास्त वेळ लागतो आणि त्यात न भिजणारे दाणेही जास्त निघतात.

शुक्रवारी रात्री: भिजवणं

चार माणसांसाठी पाव किलो कडवे वाल पुरतात. दुकानात गोडे वालही मिळतात, ते आकाराने मोठे आणि रंगाने फिकट असतात. कडवे वाल लहान आणि तपकिरी. बिरड्याला कडवेच घ्या. किंचित कडसर चव हाच या पदार्थाचा जीव आहे. गूळ आणि खोबरं त्या कडूपणाला सांभाळून घेण्यासाठी असतात, तो पुसून टाकण्यासाठी नाही.

वाल ताटात पसरून निवडा. भोक पडलेले दाणे काढून टाका. दोन-तीन पाण्यांतून धुऊन मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घालून भिजत घाला. दाण्यांच्या वर चार बोटं पाणी हवं, कारण वाल फुगून जवळपास दुप्पट होतात. फार उकाडा असेल तर झोपण्याआधी पाणी एकदा बदला, नाहीतर सकाळी आंबूस वास येतो.

शनिवारी सकाळी: मोड

भिजवलेलं पाणी ओतून द्या. ते वरणात किंवा कणकेत वापरू नका, त्यात वालाचा कडूपणा उतरलेला असतो. आता हाताने दाणे चाळा. जे अजून लहान, सुरकुत्या न पडलेले आणि खड्यासारखे टणक लागतात ते गणंग. ते आत्ताच वेचून टाका, कारण कितीही शिजवले तरी ते दाताखाली येणारच.

सुती फडकं ओलं करून पिळून घ्या, त्यात वाल घट्ट बांधा आणि पुरचुंडी रोवळीत किंवा चाळणीत ठेवून वर ताट झाका. खालून हवा खेळती राहिली पाहिजे. बंद डब्यात ठेवलेले वाल चिकट होतात. दुपारी एकदा फडक्यावर पाण्याचा हबका मारा. उन्हाळ्यात शनिवारी रात्रीपर्यंत मोड डोकावू लागतात, थंडीत दीड दिवसही लागतो. थंडीत किंवा परदेशातल्या गारठ्यात पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये, नुसता दिवा लावून ठेवली तर काम होतं.

मोड बोटाच्या पेराच्या निम्म्याहून लांब होऊ देऊ नका. फार वाढले की सोलताना मोड तुटतो आणि दाण्याची दोन दळं वेगळी होतात. रात्रीच पुरेसे मोड दिसले तर पुरचुंडी सरळ फ्रीजमध्ये ठेवा. सकाळपर्यंत ते तिथेच थांबतात.

इथे एक महत्त्वाची सूचना. मोड आलेले मूग आपण कच्चे खातो, तसे वाल खायचे नसतात. कच्च्या वालात पोटाला बाधणारे घटक असतात. ते भिजवून, पाणी टाकून आणि नीट शिजवूनच जातात. कोशिंबिरीत मूठभर टाकून पाहण्याचा मोह टाळा.

रविवारी सकाळी: सोलणं

लोक वालाला टाळतात ते या कामामुळे. खरं तर ते अवघड नाही, फक्त हातांना सवय लागावी लागते. पसरट भांड्यात कोमट पाणी घ्या, हात सहज बुडवता येईल इतपतच. कढत पाण्यात दाणे अर्धवट शिजतात आणि सालं घट्ट चिकटतात. वाल त्यात पंधरा-वीस मिनिटं राहू द्या. साल सैल होऊन फुगते आणि दाण्यापासून सुटलेली दिसते.

आता एक दाणा घ्या. मोडाची बाजू बाहेर, पाठीची बाजू अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत. हलकेच दाबा. मोडापाशी साल फाटते आणि आतला फिकट, गुळगुळीत दाणा मोडासकट पुढे निसटतो. नखाने साल ओढत बसलात तर दळं फुटतात आणि वेळही तिप्पट जातो. दाबायचं आणि सोडायचं, एवढीच ती हालचाल. सोललेले दाणे, म्हणजे डाळिंब्या, लगेच साध्या पाण्यात टाका म्हणजे त्या काळ्या पडत नाहीत.

पाव किलो वाल एकट्याने सोलायला तासभर सहज जातो. म्हणून परात मध्ये ठेवून घरातल्या सगळ्यांना बसवा. लहान मुलांच्या बोटांना हे काम फार छान जमतं. ज्यांना अजिबात वेळ नाही त्यांच्यासाठी मुंबईत दादर-गिरगावच्या बाजारात मोड आणून सोललेले वाल विकायला असतात. परदेशातल्या भारतीय दुकानांत गोठवलेले लिलवे मिळतात. ते ओल्या पापडीचे दाणे, त्यांना कडसरपणा नसतो. भाजी चांगली होते, पण तिला बिरड्याची चव येत नाही.

बिरडं

साहित्य असं: सोललेल्या डाळिंब्या, दोन मोठे चमचे तेल, फोडणीसाठी मोहरी, जिरं, हिंग, हळद आणि कढीलिंब, अर्धा चमचा तिखट, चार-पाच आमसुलं, सुपारीएवढा गूळ, मीठ. वाटणासाठी अर्धी वाटी ओलं खोबरं, एक चमचा जिरं, दोन हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर. कांदा-लसूण मी घालत नाही. सीकेपी (चांद्रसेनीय कायस्थ प्रभू) पद्धतीत कांदा असतो आणि शेवटी नारळाचं दूध पडतं. ते बिरडं जास्त रसदार आणि भाताबरोबर फार सुरेख लागतं.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून फोडणी करा. हळद-तिखट पडल्या पडल्या निथळलेल्या डाळिंब्या घाला, म्हणजे तिखट जळणार नाही. पातेलं दोन्ही बाजूंनी धरून हलकं झटका आणि डाळिंब्या वरखाली करा. आता झाकण ठेवा आणि झाकणात पाणी ओता. आच मंद. पाच-सात मिनिटांनी झाकणातलं पाणी चांगलं गरम झालेलं असेल, तेच डाळिंब्यांत ओता. गार पाणी कधीही घालू नका, शिजत आलेला दाणा त्याने आखडतो.

कुकरचा विचारही नको. एका शिट्टीत डाळिंब्यांचं पिठलं होतं. डावही शक्यतो फिरवू नका, ढवळायचं झालं तर पातेलं हलवा किंवा डावाच्या पाठीने कडेने लोटा. पंधरा-वीस मिनिटांनी एक दाणा बोटांत घेऊन चेपून पाहा. सहज चेपला जाऊनही अखंड दिसला म्हणजे शिजला.

आमसूल, गूळ आणि मीठ आत्ता, दाणा शिजल्यावर. यात क्रम महत्त्वाचा आहे. आंबट आधी पडलं तर कुठलंही कडधान्य लवकर मऊ होत नाही आणि मग कितीही उकळलं तरी मधे कण राहतो. वाटण घाला, अंगाबरोबर रस राहील इतकं गरम पाणी घाला आणि दोन-तीन उकळ्या येऊ द्या. गॅस बंद करून दहा मिनिटं झाकून ठेवा. याच वेळात आमसुलाचा आंबटपणा आत मुरतो, त्यामुळे चव पाहून आणखी आमसूल घालायची घाई करू नका.

आंब्याचं रायतं

हापूस इथे उपयोगाचा नाही. हवेत ते लहान, रसाळ, धाग्याचे रायवळ आंबे, आठ-दहा. आंबट-गोड असले तर सर्वांत छान. आंबे तासभर पाण्यात ठेवा, देठ खुडून पहिले चार थेंब चिकाचे पिळून टाका. साल हातानेच सोला आणि बाठे गरासकट अख्खे पातेल्यात ठेवा. सालींना पुष्कळ गर चिकटलेला असतो. त्या अर्धी वाटी पाण्यात कुस्करा, पिळून काढा आणि ते पाणी आंब्यांवर ओता. रायत्याचा रस या पाण्यानेच दाट आणि वासाचा होतो.

पाव वाटी गूळ आणि मीठ घालून मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत गरम करा. आंबे गोड असतील तर गूळ कमी. एकीकडे एक वाटी ओलं खोबरं आणि तीन-चार भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या बारीक वाटा. एक लहान चमचा कच्ची मोहरी सर्वांत शेवटी घालून दोन-तीन वेळा फिरवा, बस्स. मोहरी फार वेळ वाटली की कडवट होते. हे वाटण आंब्यांत घाला, कडेला बुडबुडे दिसायला लागले की उतरवा. मोहरीचा नाकात जाणारा झटका उकळीत नाहीसा होतो, म्हणून उकळू द्यायचं नाही. वरून मोहरी, हिंग, चार मेथीदाणे आणि कढीलिंबाची फोडणी.

गोव्यात आणि सिंधुदुर्गात याचं सासव होतं. तिथे ते अननसाचंही करतात. आंब्याचा हंगाम संपला की पिकलेल्या अननसाच्या फोडी घेऊन हीच कृती करा, फक्त फोडी गुळात थोड्या जास्त शिजवा.

कच्च्या केळ्याचे काप

हे जेवायला बसायच्या आधी दहा मिनिटं तव्यावर गेले पाहिजेत, कारण गार झाले की त्यांचा कुरकुरीतपणा जातो. हाताला आणि सुरीला तेल लावून तीन हिरवी केळी सोला, चीक चिकटत नाही. अर्ध्या सेंटिमीटरचे तिरके काप करून मीठ-हळदीच्या पाण्यात टाका. पाच मिनिटांनी निथळून तिखट, हळद, हिंग आणि एक मोठा चमचा आगळ (कोकमाचा खारवलेला रस) चोळा. आगळात मीठ असतं, तेव्हा वेगळं मीठ चव पाहूनच. पाव तासाने दोन भाग तांदळाचं पीठ आणि एक भाग रवा एकत्र करून त्यात काप दाबून घोळवा. मध्यम आचेवर तव्यावर थोड्या तेलात पहिली बाजू दोन मिनिटं झाकून आणि मग उघडी, दुसरी बाजू पूर्ण वेळ उघडीच. सुरी आत सहज गेली की झालं. संध्याकाळी चहाबरोबर नुसते खायलाही हे उत्तम.

पानात आणि दुसऱ्या दिवशी

बिरड्याबरोबर साधा गरम भात आणि वर तूप हवंच. वाळलेल्या वालात शंभर ग्रॅममागे साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात आणि तांदळात जे लायसिन (प्रथिनांतला एक घटक) कमी पडतं ते कडधान्यातून मिळतं. शाकाहारी घराला ही जोडी पिढ्यानपिढ्या पोसत आली आहे. रायतं पानात डावीकडे, थोडंच, पण बाठ्यासकट वाढा. बाठा चोखून खाल्ल्याशिवाय ते पुरतं कळत नाही.

सोलायला बसलातच तर पाव किलोऐवजी अर्धा किलो वाल घ्या. जास्तीच्या डाळिंब्या निथळून डब्यात भरल्या तर फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात आणि त्यातून कोकणातली कुयरीची, म्हणजे कोवळ्या फणसाची भाजी करता येते. कोवळा फणस तेलाच्या हाताने चिरून उकडा आणि ठेचा. मूठभर डाळिंब्या वेगळ्या शिजवून घ्या. मोहरी, हिंग, हळद आणि सुक्या मिरच्यांच्या फोडणीवर दोन्ही परता, मीठ आणि चिमूटभर गूळ घाला, एक वाफ काढा आणि वर भरपूर ओलं खोबरं पेरा. फणस मिळाला नाही तर डाळिंबी भात. दोन वाट्या धुतलेले तांदूळ आणि एक वाटी डाळिंब्या फोडणीत परता, दीड चमचा गोडा मसाला, मीठ आणि चार वाट्या आधणाचं पाणी घाला. मंद आचेवर झाकून शिजू द्या आणि तांदूळ फुलत आले की पातेल्याखाली तवा सरकवा.