बंद पडलेल्या जुन्या स्विमिंग पूलची पाईपलाईन परत चालू कशी करायची

अलिबाग-नागावपासून खाली मुरुड, दापोली, गुहागर, पार मालवणपर्यंत वाडीत बांधलेले पूल काही कमी नाहीत, आणि त्यातले कितीतरी आज बेडकांच्या ताब्यात आहेत. मालक मुंबईला किंवा पुण्याला, दोन-तीन पावसाळे पंप बंद, मग कधीतरी पोरं मागे लागतात की पूल चालू करा, आणि बोलावलेला पहिलाच माणूस येऊन सांगतो की लाईन गेली, सगळी फरशी फोडून नवीन टाकू. त्याला जरा थांबवा. प्रत्येक लाईन वेगळी करून तपासल्याशिवाय फरशीला छिन्नी लावू द्यायची नाही, कारण पाणी जातं ते बहुधा एकाच लाईनमधून, तेही एखाद्या जॉइंटमधून, आणि कधी कधी तर पंप रूममधल्या पंधरा वर्षं जुन्या व्हॉल्व्हमधूनच.

आधी विहिरीत डोकवा

हे काम दिवाळीनंतर काढायचं आणि मे महिन्याच्या आत संपवायचं. पावसाळ्यात जांभ्यातून पाणी भराभर मुरतं, विहिरी काठोकाठ येतात, आणि तेच पाणी पूलच्या टाकीला चारी बाजूंनी आणि खालून रेटत असतं. पूल भरलेला असतो तोवर आतलं वजन त्याला धरून ठेवतं, रिकामा केलात की तो होडीसारखा वर यायला बघतो. हिशोब सोपा आहे. ८ बाय ४ मीटरचा पूल, बाहेर जमिनीतलं पाणी तळापेक्षा १ मीटर वर, तर खालून रेटा ३२ टनांचा. २० सेंटीमीटर जाड काँक्रीटचा तळ साधारण १६ टन, भिंती धरल्या तर दुप्पट, म्हणजे जेमतेम बरोबरी होते. त्यावर आणखी वीतभर पाणी चढलं की तळ तडकतो किंवा अख्खी टाकी उचलली जाते, आणि मग पाईपलाईनचं काय घेऊन बसलात.

म्हणून जवळच्या विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे ते टेपने मोजा, गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने विहिरीचा काठ आणि पूलचा काठ यातला फरक काढा, आणि पाणी पूलच्या तळाच्या चांगलं खाली असेल तरच पूल पूर्ण रिकामा करा. अगदी किनाऱ्यावरच्या वाडीत भरतीच्या वेळीही एकदा बघा. तसं पाईपच्या कामाला पूल पूर्ण रिकामा करायची गरज बऱ्याचदा नसतेच, पाणी स्किमरच्या (काठाजवळून वरचं पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) खाली आणलं तरी अर्धं काम होतं.

पंप रूममध्ये शिरताना

हातात काठी आणि टॉर्च, पायात बूट. बंद पंप रूममध्ये फुरसं किंवा दुसरा साप असू शकतो, अंधार आणि आडोसा दोन्ही आयतं मिळतं. मग मेन स्विच बंद करा, नुसता स्टार्टर नाही. पूल ओव्हरफ्लोवाला, म्हणजे काठावरून पाणी वाहणारा, असेल तर ते पाणी जमा करणारी बॅलन्स टाकी असते, तिच्यात कुजलेला पाला असतो आणि हवा खराब असू शकते, झाकण उघडून बराच वेळ वारं जाऊ द्या आणि एकट्याने उतरू नका. कोपऱ्यात ब्लीचिंग पावडर आणि ॲसिडचे कॅन शेजारी शेजारी पडलेले असतील तर आधी ते वेगळे करा, दोन्ही एकत्र आले तर क्लोरीन गॅस सुटतो.

आता काहीही कापायच्या आधी सगळ्या पाईपांचे मोबाईलवर फोटो काढा. जुन्या पूलला साधारण इतक्या लाईन असतात: स्किमरची, तळातल्या मेन ड्रेनची, तळाचा गाळ ओढायच्या व्हॅक्यूम पॉइंटची, पूलमध्ये पाणी परत नेणारी रिटर्न, आणि बॅकवॉशचं, म्हणजे फिल्टर उलट्या दिशेने धुतल्याचं, पाणी बाहेर सोडणारी. कुठली कुठे जाते ते बांधणाऱ्यालाच माहीत आणि तो आता फोन उचलत नाही. त्यामुळे एकेका लाईनमध्ये पंप रूमच्या बाजूने बागेचा पाईप जोडा, हळू पाणी सोडा, एक माणूस पूलच्या काठावर उभा करा, बुडबुडे किंवा गाळ कुठून येतो ते बघा आणि त्या पाईपवर ऑइल पेंटने नाव लिहून टाका. याचा दुसरा फायदा असा की सक्शनच्या (पूलमधून पंपाकडे पाणी ओढणाऱ्या) लाईनमध्ये साचलेला पाला, शेवाळ, मेलेले खेकडे उलट्या दिशेने पूलमध्येच बाहेर पडतात, पुढे पंपाकडे जाऊन आतल्या पंख्यात (इम्पेलरमध्ये) अडकत नाहीत. तुंबलेली लाईन मोकळी करायला सळई घालू नका, जुना एल्बो फुटतो, इलेक्ट्रिशियनची वायर ओढायची नायलॉनची स्प्रिंग घ्या.

गळती लाईनला आहे की टाकीला

पूलमध्ये पाणी असेल तर बादलीची टेस्ट करा, खर्च शून्य. पूलच्या पायरीवर बादली ठेवा, बादलीतलं पाणी आणि बाहेरचं पाणी एका पातळीला आणा, दोन्हीकडे पेन्सिलने खूण, २४ तासांनी बघा. एप्रिलच्या वाऱ्यात ५-७ मिलीमीटर पाणी नुसतं उडून जातं, ते दोन्हीकडे सारखंच उडेल. पूलचं जास्त उतरलं तर ती गळती. ८ बाय ४ च्या पूलला १ सेंटीमीटर म्हणजे ३२० लिटर, तेव्हा थोडंसं उतरतंय म्हणून सोडून देऊ नका.

हीच टेस्ट पंप चालत असेल तर एकदा चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करायची. चालू असताना जास्त उतरलं तर संशय रिटर्न लाईनवर, कारण प्रेशर तिथे असतं. पंपाच्या जाळीच्या भांड्यात सारखे बुडबुडे दिसतात तर सक्शनच्या बाजूने हवा ओढली जातेय. दोन्ही वेळा सारखंच उतरलं तर टाकीची भेग, लाईटचा खड्डा, इनलेटभोवतीचं ग्राउट हे बघा, तिथे पाणी स्थिर असताना फूड कलरचे थेंब सोडले की रंग भेगेकडे ओढला जाताना डोळ्यांना दिसतो. आणि पाणी उतरत उतरत बरोबर स्किमरच्या तोंडाखाली येऊन थांबलं तर गळती स्किमरची किंवा त्याच्या लाईनची, वेगळं सांगायला नको.

प्रेशर टेस्ट, हाच खरा भाग

प्लंबर हे टाळतात कारण वेळ जातो, पण पैसे इथेच वाचतात. पूलच्या बाजूचं तोंड रबरी टेस्ट प्लगने बंद करायचं, तोच, मधला नट फिरवला की रबर फुगतं. स्किमरच्या लाईनला प्लग स्किमरच्या आत खालच्या भोकात बसतो. पंप रूमच्या बाजूला पाईप कापून त्यावर गेज आणि छोटा बॉल व्हॉल्व्ह लावलेली एंड कॅप बसवायची. जुन्या व्हॉल्व्हवर विसंबून टेस्ट करू नका, तो स्वतःच पाणी पास करत असतो आणि तुम्ही फरशी फोडून बसता.

लाईन पाण्याने भरा, हवा पूर्ण काढा, मग हातपंपाने हळूहळू १ केजी (चौरस सेंटीमीटरला १ किलो) प्रेशर, फार तर दीड. कंप्रेसर अजिबात नाही, दाबलेल्या हवेत प्लग सुटला तर गोळीसारखा येतो, आणि पाण्याची टेस्ट असली तरी प्लगच्या समोर तोंड घालून बसू नये. अर्धा तास थांबा. काटा जागचा हलला नाही तर ती लाईन पास, तिच्यावर टिकमार्क करा आणि तिला विसरा. सावकाश उतरला तर आधी प्लग आणि कॅप पुन्हा आवळून बघा. भसकन उतरला तर चोर सापडला.

मग त्या लाईनला बागेच्या पाईपने पाणी चालू ठेवा आणि पहाटे, वारा पडलेला असताना, लाकडी दांडा फरशीवर टेकवून दुसऱ्या टोकाला कान लावत लाईनवरून चाला. सुस्स आवाज जिथे मोठा तिथे खणा. माडाची मुळं जवळ असतील तर सुरुवात तिथून करा. गळती मधोमध डेकखाली, म्हणजे पूलभोवतीच्या फरशीखाली, असेल आणि लाईन लांब असेल तर माझं मत सरळ आहे, जुनी लाईन दोन्ही टोकांना कायमची बंद करा आणि डेकच्या बाहेरून मातीतून नवीन फिरवा, जांभ्याची किंवा शहाबादी फरशी काढून परत तशीच बसत नाही.

जोडताना फसवणारी गोष्ट

जुन्या पूलमध्ये बऱ्याच ठिकाणी शेतीचा ६३ मिलीमीटरचा पाईप टाकलेला असतो, आणि हल्ली प्लंबिंगच्या दुकानातला २ इंची यूपीव्हीसी बाहेरून ६०.३ मिलीमीटर असतो. लांबून दोन्ही सारखेच दिसतात. व्हर्नियर नसेल तर पाईपभोवती दोरा गुंडाळा आणि मोजा: १९८ मिलीमीटर भरला तर ६३ चा, १८९ भरला तर २ इंची. कोणी म्हणेल गरम करून बसवतो, बसवू देऊ नका, भिंत पातळ होते आणि तिथेच परत फुटतं. ६३ चे कपलर तालुक्याच्या कुठल्याही शेती-इरिगेशनच्या दुकानात मिळतात.

कापलेलं टोक काटकोनात सरळ हवं, कापताना उठलेली किनार काढा, पुसा, प्रायमर, मग सॉल्व्हंट (पाईप चिकटवायचं द्रावण) दोन्हीकडे, पाव फेरी फिरवून आत ढकला आणि अर्धा मिनिट धरून ठेवा, नाहीतर पाईप परत बाहेर सरकतो. २४ तास प्रेशर नाही. पाईपमधून पाणी थेंब थेंब ठिबकतच असेल तर जुनी युक्ती, लादी पावाचा आतला मऊ भाग कोंबा, वरचा कडक भाग नको, तोवर जॉइंट सुकतो, नंतर पाव विरघळतो आणि वेस्टमधून (बाहेर सोडायच्या लाईनमधून) काढून टाकायचा.

चर बुजवण्याआधी परत प्रेशर टेस्ट. आणि बुजवताना खाली-वर वीतभर वाळू किंवा चाळलेली माती घाला, चिऱ्याचे टोकदार तुकडे थेट पाईपवर टाकले तर दोन वर्षांत परत इथेच खणाल. उन्हात उघडा राहणारा पाईप रंगवून घ्या. नटबोल्ट, क्लॅम्प ३१६ ग्रेडचे स्टेनलेस घ्या, खाऱ्या हवेत ३०४ वर पण तांबूस डाग येतात, साध्या लोखंडाचं तर बोलायलाच नको.

पंप आणि फिल्टर

पंपाला वीज द्यायच्या आधी मागच्या पंख्याच्या बाजूने शाफ्ट हाताने फिरतो का बघा. जाम असेल तर खोला. नुसता गुणगुणतो आणि फिरत नाही तर बहुधा कपॅसिटर, मोटर आणि पंपाच्या मधून ठिबकतं तर सील. जाळीच्या झाकणाच्या ओरिंगला सिलिकॉन ग्रीसच, साध्या ग्रीसने रबर फुगतं. पंपाच्या दोन्ही बाजूंना युनियन (खोलता येणारे जोड) टाकून घ्या. ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग नसेल तर ते इलेक्ट्रिशियनकडून आधी, बाकी सगळं नंतर.

फिल्टरमधली वाळू इतकी वर्षं पडून दगड झालेली असते, बदलाच. टाकीत आधी अर्धं पाणी भरा, मधल्या पाईपचं तोंड झाका, मग ०.४ ते ०.८ मिलीमीटरची सिलिका वाळू हळू ओता, म्हणजे तळातल्या नाजूक जाळीनळ्या तुटत नाहीत. समोर एवढा समुद्रकिनारा आहे म्हणून तिथली वाळू आणू नका, तिच्यात मीठ, शिंपल्यांचा चुरा आणि इतकी बारीक पूड असते की ती पूलमध्येच परत येते, शिवाय किनाऱ्यावरून मनाला येईल तशी वाळू उचलता येत नाही. मल्टिपोर्ट व्हॉल्व्हचा (पाणी फिल्टर, बॅकवॉश, रिन्स की वेस्टला न्यायचं ते ठरवणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा पंप चालू असताना कधीच फिरवायचा नाही, आतलं गॅस्केट जातं.

पाणी भरून चालू करताना

मेन ड्रेनचं झाकण नसेल किंवा तडकलेलं असेल तर पंप चालू करू नका, मग पाहुणे दारात उभे असले तरी. एकच ड्रेन आणि उघडं तोंड असेल तर लहान मुलाचा हात किंवा केस ओढून धरण्याइतका सक्शन तिथे असतो. व्हर्टेक्सरोधक, म्हणजे भोवरा होऊ न देणारं, झाकण बसवा.

विहिरीचं पाणी भरत असाल तर जांभ्याच्या भागात लोह असू शकतं, क्लोरीन टाकल्यावर पाणी चहाच्या रंगाचं होतं, घाबरू नका. गाळ तुरटीने खाली बसवा, मग तो व्हॅक्यूम करून फिल्टरला न नेता थेट वेस्टला सोडा. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये आणा, क्लोरीन १ ते ३ पीपीएम. पहिली दहा मिनिटं पाणी वेस्टवर, मग बॅकवॉश, रिन्स, आणि मग फिल्टर. ८ बाय ४ बाय १.३ च्या पूलमध्ये साधारण ४२ हजार लिटर पाणी, ते ६ तासांत एकदा फिरायला ताशी ७ हजार लिटर पुरतात, तेवढं २ इंची लाईन आरामात नेते, तेव्हा मोठा पंप विकणाऱ्याला नको म्हणा.

फिल्टर स्वच्छ असताना गेजचा काटा कुठे उभा आहे तिथे मार्करने खूण करा, त्यापेक्षा अर्धा केजी वर चढला की बॅकवॉश. ते पाणी विहिरीपासून लांब काढा, आणि जूनमध्ये गावी कोणी नसलं तरी पूल भरलेलाच ठेवून दिवसातून दोन तास तरी पंप चालवायला कोणाला तरी सांगून जा.