इंजिन हवेत थांबलं? तपासात या चुका टाळा

“जमिनीवर सुरू केलं, मस्त चाललं. म्हणजे इंधनाची भानगड नाही.” हे ऐकलं की मला राग येतो. इंधनाचा दोष पुरावा मागे ठेवत नाही. बर्फ वितळतो, नळीतली वाफ पुन्हा द्रव होते, टाकीतलं पाणी दुसऱ्या कोपऱ्यात सरकतं. इंजिन थांबलं तेव्हाची परिस्थिती पुन्हा उभी करणार नसाल, तर चाचणी करूच नका.

१७ जानेवारी २००८. बीजिंगहून आलेलं ब्रिटिश एअरवेजचं बोइंग ७७७ हीथ्रोला उतरत होतं. सुमारे ७२० फुटांवर एका इंजिनाची ताकद गेली, काही सेकंदांत दुसऱ्याचीही. विमान धावपट्टीच्या अलीकडे गवतात आदळलं, पण सगळे वाचले. इंधनाचे नमुने चोख निघाले. गोठणबिंदू उणे ५७ अंश आणि वाटेतलं इंधनाचं सर्वांत कमी तापमान उणे ३४, म्हणजे इंधन गोठलेलंच नव्हतं. उतावळ्या माणसाने इथेच फाइल मिटली असती. तपास करणाऱ्यांनी मात्र तीच व्यवस्था जमिनीवर मांडून गार इंधन संथ गतीने बराच वेळ खेळवलं. इंधनात नेहमीच असतं तेवढ्याच पाण्याचा बर्फ नळ्यांना आतून चिकटत गेला आणि प्रवाह वाढवताच सुटून हीट एक्स्चेंजरच्या (गरम तेलाने इंधन तापवणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डेल्टाच्या ७७७ चं एक इंजिन असंच मंदावलं; थ्रॉटल (ताकदीचा दांडा) आयडलला, म्हणजे सर्वांत कमी ताकदीवर, आणल्यावर ते सावरलं. पुढे त्या एक्स्चेंजरची रचनाच बदलली.

म्हणून मी शेवटच्या मिनिटापासून सुरुवात करत नाही. टाकी भरल्यापासूनचं तापमान, उंची, थ्रॉटल, कोणती टाकी चालू होती, सगळं कागदावर येईपर्यंत पान्याला हात लावत नाही.

दुसरी चूक घरी विमान बांधणाऱ्यांची. शेपूट टेकूवर ठेवून विमान सपाट करायचं, टाक्या गच्च भरायच्या आणि नळीतून धार पडली की “फ्लो टेस्ट झाली” म्हणायचं. अहो, टेकऑफला नाक वर असतं! सर्वांत उभ्या चढाईला नाक जितकं वर जाईल तितकं वर करा, टाकीत अगदी थोडं इंधन ठेवा, कार्ब्युरेटरपाशी नळी सोडा आणि मापाच्या भांड्यात घड्याळ लावून मोजा. इंधन नुसतं गुरुत्वाकर्षणाने येत असेल तर पूर्ण थ्रॉटलच्या खपाच्या १५० टक्के मिळायला हवं, पंप असेल तर १२५. ताशी ३६ लिटर खाणाऱ्या इंजिनाला गुरुत्वाकर्षणाने मिनिटाला ९०० मिलिलिटर. ८०० आलं तर “चालेल” नाही. नळी, फिल्टर, सिलेक्टर (टाकी निवडायची तोटी) एकेक काढून पाहा. या कामाला एक दुपार जाते, आणि तेवढीही ज्याला जड वाटते त्याच्या विमानात मी बसणार नाही.

टाकीच्या झाकणाचं व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याचं भोक, तपासा. किडे तिथे मातीचं घर करतात.

इंधन भरल्या भरल्या पाणी काढू नका, ते तळाशी बसू द्या.

दोन टाक्यांतल्या इंधनात फरक दिसला की आधी गळती शोधा, मग क्रॉसफीड (एका बाजूचं इंधन दुसऱ्या बाजूला देणं). २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटच्या ए३३० चं चांगल्या बाजूचं इंधनही असंच गळतीतून गेलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडून ते अझोर्सला उतरलं.

एका वेळी एकच भाग बदला.

आणि संशयित टाकीवर टेकऑफ कधीच नको. खात्रीच्या टाकीवर वर जा, धावपट्टीच्या डोक्यावर भरपूर उंची घ्या, मगच सिलेक्टर फिरवा, आणि हात त्याच्यावरच राहू द्या.